कर्नल तुंगाऱ्यांची पत्रिका

नलावडे आत आले तेव्हा मी समईतलं गोठलेलं तेल स्टोव्हवर धरून पातळ करत होतो. त्यांनी बुटांवरचा बर्फ झटकला, मंदिराच्या तंबूचा पडदा आतून बांधून घेतला आणि देवाला हात न जोडताच माझ्यासमोर बसले.

"पंडितजी, पत्रिका बघायची आहे."

"कुणाची?"

"मोठ्या साहेबांची."

मी स्टोव्ह बंद केला. सुभेदार मेजर बाबू नलावडे म्हणजे आमच्या पलटणीतल्या जवानांचा सगळ्यात वरचा माणूस. सव्वीस वर्षं नोकरी झालेली, गाव साताऱ्याकडचं. ते कधी काही मागायला येत नसत. मी विष्णू आठल्ये, त्याच पलटणीचा धर्मगुरू. मूळ देवरुखचा. सकाळ-संध्याकाळ आरती, सणावाराला पूजा, आणि कुणी गेलं तर त्याचे मंत्र, एवढं माझं काम. पत्रिका बघणं हे सरकारी काम नव्हे. पण ती विद्या वडिलांनी शिकवली होती आणि पोरं विचारत, म्हणून मी सांगत असे. कुणाचं लग्न कधी, कुणाला मुलगा की मुलगी.

हे त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीतलं. पन्नास वर्षं उलटून गेली.

लढाई संपून वर्ष झालं होतं. पलटण घरी जाईल असं सगळ्यांना वाटत होतं, तर आम्हाला त्या बर्फात पाठवलं. माणसं थकली होती. नुसती अंगानं नव्हे, बोलायलाही थकली होती. लंगरमध्ये दोनशे माणसं जेवायची आणि चमच्यांचा तेवढा आवाज यायचा. नोव्हेंबरात जुने कर्नल बदलून कर्नल तुंगारे आले. ते आले त्या आठवड्यात एक ट्रक दरीत गेला, चार माणसं. डिसेंबरात एका बंकरमध्ये शेगडीनं आग लागली, दोन माणसं. जानेवारीत रेशन घेऊन जाणाऱ्या टोळीवर बर्फाचा कडा आला, तीन. लढाईत आमची पाच माणसं गेली होती. इथं एक गोळी न सुटता नऊ गेली.

"पोरं म्हणतात, साहेबांचा पायगुण बरा नाही," नलावडे म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. वरच्या चौकीवर बारा माणसं अडकलीत, अठरा दिवस झाले. केरोसीन संपलं असा काल निरोप आला, त्यानंतर वायरलेस बंद. त्यांच्यातल्या मोहित्याची छाती भरलीय. ढगामुळं हेलिकॉप्टर उडत नाही. उद्या उजाडायच्या आत टोळी निघायला पाहिजे आणि साहेब म्हणतात, मी स्वतः नेणार." त्यांनी कपाळ चोळलं. "पोरं नाही म्हणणार नाहीत. पण नावं विचारली की बुटाकडं बघतात. अशा मनानं वाटेतला तो बर्फाचा नाला ओलांडायचा म्हणजे पाय चुकणारच. तुम्ही त्यांना दोन शब्द सांगा. साहेबांची पत्रिका चांगली आहे म्हणून."

"बघितल्याशिवाय?"

"बघा की मग. पण सांगायचं काय ते ठरलंय."

ते गेले. तासाभरानं पुन्हा पडदा हलला आणि स्वतः कर्नल तुंगारे वाकून आत आले. उंच, सडपातळ माणूस, पंचेचाळिशीच्या आतला, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. रविवारच्या आरतीला ते येत आणि मागे उभे राहत. हात जोडत नसत, पण आरती संपेपर्यंत हलतही नसत.

"बसा पंडितजी," ते म्हणाले. "नलावड्यांनी मला सरळच विचारलं, साहेब, जन्मवेळ काय? म्हटलं, वेळ कशाला, सगळी पत्रिकाच आहे. आईनं ट्रंकेत टाकली होती. मी उघडूनही बघितली नाही."

त्यांनी कोटाच्या खिशातून पिवळी पडलेली गुंडाळी काढून माझ्यापुढे ठेवली. आषाढातला जन्म, सकाळी आठचा. कर्क लग्न. मी बोटानं घरं मोजत गेलो आणि दहाव्या घरापाशी थांबलो. मेषेचा मंगळ. वडील असते तर त्यांनी ती पत्रिका कपाळाला लावली असती.

"काही दिसतंय का?"

"साहेब, रुचक योग आहे. दशमात स्वराशीचा मंगळ. सेनापतीचा योग म्हणतात याला. असा माणूस शूर असतो. बोलणं कमी. एकदा ठरवलं की मागे फिरत नाही, कुणी समजावलं तरी फिरत नाही. दुसऱ्याला पुढे पाठवून स्वतः मागे राहणं त्याला जमत नाही. राग येतो, पण आतल्या आत."

ते पहिल्यांदाच थोडे हसले. "हे सगळं माझी बायको पत्रिका न बघता सांगते. पुढे?"

"दीर्घायुष्य आहे. ऐंशीच्या पुढे."

"ते राहू द्या. माझ्यासोबत जे असतात त्यांचं काय?"

मी बोट पुढे सरकवलं. सहावं घर सेवकांचं, हाताखालच्या माणसांचं. तिथं शनी बसला होता, आणि तो शनी या पत्रिकेत मृत्यूच्या घराचा मालक होता. मंगळाच्या महादशेत त्याच शनीची अंतर्दशा चालू होती. नोव्हेंबराच्या थोडी आधी लागली होती, अजून नऊ महिने शिल्लक होती. मी पुन्हा एकदा मोजलं. मोजणी चुकावी अशी फार इच्छा होती.

"बोला पंडितजी. मी काही तुमचं कोर्ट मार्शल करणार नाही."

"साहेब, हाताखालच्या माणसांची हानी दिसते. आत्ताच्या काळात."

"अजून?"

"अजून."

त्यांनी मान हलवली, जणू मी रेशनचा आकडा सांगितला होता.

"नऊ पत्रं लिहिली मी या हिवाळ्यात," ते म्हणाले. "ट्रकचा ब्रेक, शेगडीची नळी, सगळ्याची चौकशी केली. माझी चूक शोधत होतो. सापडली असती तर बरं वाटलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा विश्वास आहे यावर? मनापासून?"

"आहे, साहेब."

"मग आज माझ्यापेक्षा तुम्हालाच जड जाणार. माझा विश्वास नाही. माझं सोपं आहे. वर बारा माणसं आहेत, ती आणायची." ते उठले. "संध्याकाळी पोरांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी हुकूम देणार नाही. नलावडे काय म्हणाले असतील ते मला माहीत आहे. पण हे तुमचं खातं आहे."

त्यांनी हुकूम दिला असता तर किती बरं झालं असतं, हे मी तेव्हापासून आजपर्यंत म्हणत आलो आहे.

संध्याकाळी लंगरच्या तंबूत चाळीसेक माणसं गोळा केली होती. त्यातून अठरा निवडायची होती. कर्नल साहेब मुद्दाम आले नव्हते. मी उभा राहिलो आणि बोललो. साहेबांची पत्रिका मी स्वतः पाहिली, असा मंगळ मी आयुष्यात पाहिला नाही, हा राजयोग आहे, असा माणूस पुढे असला की मागच्यांच्या केसाला धक्का लागत नाही. आवाज चांगला लागला होता. आरतीचा सराव होता.

मग मागून नाईक शंकर पाष्टे उठला. खेड तालुक्यातला कुणबी, बुटका, रुंद खांद्यांचा. दर सोमवारी चिमूटभर साखर घेऊन मंदिरात यायचा आणि प्रसाद म्हणून तीच परत खाऊन जायचा.

"पंडितजी, शनी कुठं हाय?"

"काय?"

"न्हाय, आमच्या गावात आधी शनी बघतात. मंगळाचं सांगितलंत, चांगलं झालं. शनी कुठल्या घरात हाय?"

"शनी ठीक आहे."

"ठीक म्हंजे कुठं?"

"पाष्टे, खाली बस," नलावडे म्हणाले.

पाष्टे बसला नाही. तो उर्मटपणे विचारत नव्हता. डॉक्टरला विचारावं तसं विचारत होता. सहावं घर म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं. दुसरं कुठलं तरी घर सांगायचं, तर जीभ उचलेना. मंगळाबद्दल मी बोललो ते निदान अर्धं खरं होतं.

"मी येतोय तुमच्याबरोबर," मी म्हणालो.

हे कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. मी काही विचार केला नव्हता. नलावड्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. धर्मगुरूनं अशा टोळीबरोबर जायचं नसतं. छत्तीस वर्षांचा, पोट सुटलेला, उजवा गुडघा दुखरा असा माणूस म्हणजे टोळीला ओझंच.

पाष्टे क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग नलावड्यांना म्हणाला, "माझं नाव लिवा, साहेब." त्याच्या शेजारचा लान्सनाईक भेकरे म्हणाला, "माझं पण." मग एकेक करून हात वर आले. अठराच्या जागी सव्वीस नावं झाली.

मला वाटलं, माझं खोटं चाललं. देवापुढे जाऊन मी क्षमा मागितली आणि झोपलो. झोप लागलीसुद्धा.

अंधारात निघालो. सगळ्यांत पुढे कर्नल तुंगारे, हातात काठी, पावलागणिक बर्फ ठोकून बघत. त्यांच्या मागे दोर घेऊन भेकरे, मग बाकीचे. नलावडे शेवटी. मी मधे कुठेतरी होतो आणि माझ्या मागे पाष्टे. दर पन्नास पावलांना माझा दम तुटे आणि तो मला पाठीतून ढकले.

"मंत्र म्हणू नका, पंडितजी. श्वास घ्या."

"तेच करतोय."

"मला ऐकू येतंय की. म्हणताय तुम्ही."

नाला आला तेव्हा पूर्व पांढरी होत होती. दोनशे पावलांची रुंदी, आणि वर उभा उतार, त्यावर साचलेला बर्फ. थंडीत तो घट्ट असतो. ऊन लागलं की सुटतो. प्रत्येकाच्या कमरेला लांब लाल दोरी बांधली होती, म्हणजे माणूस गाडला गेला तर दोरीचं टोक वर दिसावं. एकेक जण करून आम्ही ओलांडलो. काही झालं नाही. पलीकडे पोचल्यावर पाष्ट्यानं खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या तळहातावर साखर ठेवली.

साडेदहाला चौकी गाठली. बारा माणसं एका बंकरमध्ये एकमेकांना चिकटून बसली होती, तोंडं काळी पडलेली. बाराही जिवंत. मोहिते मात्र निळा पडला होता आणि त्याच्या छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. सोबतच्या नर्सिंग असिस्टंटनं त्याला तपासलं आणि साहेबांना बाहेर घेऊन गेला. मी दाराशीच होतो, मला ऐकू आलं.

"साहेब, याला आज खाली नेलं नाही तर रात्र निघणार नाही."

"आणि उद्या पहाटे निघालो तर?"

"हा नसेल."

साहेबांनी वर पाहिलं. ढग फाटत होते. अठरा दिवसांत ज्याची वाट बघितली ते ऊन नेमकं आता पडायला लागलं होतं. थांबलं तर एक माणूस जाणार हे नक्की. निघालं तर कदाचित कुणीच नाही, कदाचित पुष्कळ. ते माझ्याकडे वळतील असं मला वाटलं, आणि वळू नयेत अशी मी प्रार्थना केली. ते वळले नाहीत. नलावड्यांनाही त्यांनी विचारलं नाही.

"निघायचं," ते म्हणाले. "माझी जबाबदारी."

मोहित्याला घसरगाडीवर बांधला. दुपारी एकच्या सुमाराला पुन्हा नाल्यापाशी आलो. वरून पाणी ठिबकत होतं. साहेब आधी पलीकडे गेले, तिथून हातानं एकेकाला खूण करत होते. चौकीची माणसं गेली. मी गेलो. शेवटी घसरगाडी, दोघे पुढून ओढणारे, दोघे मागून दोर धरून सांभाळणारे. पुढे भेकरे आणि एक जण. मागे उजवीकडे पाष्टे.

आवाज फार मोठा नव्हता. जाड कापड फाडावं तसा. साहेब ओरडले, "ओढा!" पुढच्या दोघांनी झेप घेतली, गाडी मोहित्यासकट आमच्या पायांशी येऊन आदळली. मागचा एक जण कमरेपर्यंत गाडला गेला, त्याला लगेच उपसला. पाष्टे जिथं होता तिथं पांढरं सपाट होतं. लाल दोरीही दिसत नव्हती.

पन्नास मिनिटं आम्ही खणत होतो. फावडी चार होती, बाकीचे हातांनी. वरचा उरलेला बर्फ केव्हाही येऊ शकत होता, पण एकही माणूस मागे सरला नाही. साहेबांनी हातमोजे कधी काढून टाकले ते कुणी पाहिलं नाही. सापडला तो त्यांनाच. तो बसल्यासारखा होता आणि दोराचं तुटकं टोक मुठीत घट्ट होतं.

मोहिते वाचला. पुढे त्याला तीन मुलं झाली.

तिसऱ्या दिवशी खालच्या तळावर पाष्ट्याला अग्नी दिला. मंत्र मीच म्हटले. चितेवरचं तूप माझ्या हातांना चिकटून गोठलं होतं. सलामी झाल्यावर साहेबांनी मला आपल्या तंबूत बोलावलं. त्यांच्या दोन्ही हातांना बँडेज होतं. चार बोटांची टोकं नंतर कापावी लागली.

"पेन धरवत नाही," ते म्हणाले. "तुम्ही लिहा. मी सांगतो."

पाष्ट्याच्या वडिलांना पत्र होतं. तुमच्या मुलानं आपल्या सोबत्याचा जीव वाचवला. दुपारी निघायचा निर्णय माझा होता, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. एवढं लिहून झाल्यावर मी थांबलो.

"साहेब, यात माझंही नाव घाला. मी त्यांना खोटं सांगितलं. शनी..."

"शनीचं नाव या पत्रात यायचं नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "त्यांचा मुलगा माझ्या हुकमावर गेला. म्हाताऱ्याला कुणाला तरी शिव्या द्याव्याशा वाटल्या, तर माझं नाव हाताशी असू दे. ग्रहाला शिव्या देऊन माणसाचं पोट भरत नाही. लिहा, आपला, उदय तुंगारे."

मी लिहिलं.

तिथून निघालो ते सरळ लंगरमध्ये गेलो. टोळीतले बहुतेक सगळे तिथं बसले होते. मी मध्ये उभा राहिलो, जिथं चार दिवसांपूर्वी उभा होतो तिथंच.

"मला काही सांगायचंय," मी म्हणालो. "मी तुमच्याशी खोटं बोललो. शनी वाईट घरात होता. माणसं जाणार हे मला दिसलं होतं. दिसलेलं असूनही तुम्हाला पाठवलं. पाष्टे माझ्यामुळं गेला."

वाटलं होतं, कुणी शिवी देईल. कुणी उठून जाईल. कुणी हललं नाही. भेकरे शेगडीजवळ चहा गाळत होता, त्याचा हातही थांबला नाही.

"म्हायती होतं, पंडितजी," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तुम्ही खोटं बोललात ते. पाष्टे त्याच रातीला बोलला आम्हांस्नी. म्हणाला, पंडितजींनी शनी गिळला. तोंड बघितलं न्हाय का त्यांचं, म्हणाला."

"सगळ्यांना माहीत होतं?"

दोघा-तिघांनी माना हलवल्या. नलावडे कोपऱ्यात बसले होते, ते जमिनीकडे बघत राहिले.

"मग तुम्ही आलात कशाला?" मी विचारलं. "त्यानं पहिलं नाव दिलं. त्याला कळलं होतं तर त्यानं नाव का दिलं?"

भेकऱ्यानं किटली खाली ठेवली. तो बोलणारा माणूस नव्हता, शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"ते बी तोच म्हणाला. म्हणाला, ह्यांनी पत्रिका बघितलीया. उद्या काय व्हायचंय ते ह्या एकाच माणसाला ठावं हाय. आन तरी त्यो येतो म्हणतोय. गुडघा धड न्हाय, पोट सुटलंय, कुणी बोलावलं न्हाय. मग आपण कसं बसायचं?"

मी रेशनच्या खोक्यावर बसलो. तीन दिवस मी मनात शब्द जुळवत आलो होतो. खोटं बोलल्याबद्दल क्षमा मागायची, एवढंच ठरवलं होतं, आणि तेही फार कठीण वाटत होतं. सोबत गेल्याबद्दल क्षमा कशी मागतात, ते मला येत नव्हतं. कुणी शिकवलंही नव्हतं.

भेकऱ्यानं माझ्या तुपकट हातात चहाचा मग दिला आणि तो सुटू नये म्हणून आपला हात थोडा वेळ खाली धरून ठेवला.

"घ्या," तो म्हणाला. "इथं लगेच निवतो."